प्लास्टरमधला हात आणि घरातली माणसे

(वाचकांचे प्रश्न : या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. उत्तरे मुलांच्या अस्थिरोगांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनी दिली आहेत.)

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही सहकारनगरमध्ये राहतो. अकरा दिवसांपूर्वी सोसायटीच्या बागेतल्या लोखंडी शिडीवरून तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या जरा वर मोडला. त्याच रात्री भूल देऊन हाड बसवले, दोन तारा घातल्या आणि कच्चे प्लास्टर केले. दुसऱ्या रात्री त्याची बोटे सुजली आणि औषध देऊनही तो रडायचा थांबेना, म्हणून मी रात्री दीड वाजता त्याला पुन्हा रुग्णालयात नेले. तिथे पट्ट्या सैल केल्यावर अर्ध्या तासात तो झोपला. ‘एवढ्यासाठी मध्यरात्री धावायचे काय कारण होते’ असे घरात मला ऐकावे लागले. तो पडला तेव्हा मी बाकावर बसून ऑफिसच्या फोनवर बोलत होते, हे माझ्या मनातून जात नाही. आता तो रात्री दचकून उठतो आणि दोनदा अंथरूणही ओले झाले. खाज सुटते म्हणून त्याने प्लास्टरमध्ये पेन्सिल घातली होती. आणखी दहा दिवसांनी तारा काढायच्या आहेत आणि त्याची त्याने धास्ती घेतली आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की तारा निघाल्यावर एकदा हाडवैद्याकडून हात ‘नीट बसवून’ घ्यावा. मी काय करावे? — एक आई

उत्तर : सुरुवात त्या मध्यरात्रीच्या फेरीपासून करते. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि नेमकी तीच तुम्हाला चूक वाटू लागली आहे. दंडाचे हाड ज्या ठिकाणी मोडले, त्याच्या अगदी पुढून हाताला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी आणि बोटे हलवणारे मज्जातंतू जातात. हाड बसवल्यानंतरही एक-दोन दिवस सूज वाढत राहते. बाहेरची पट्टी मात्र तिच्याबरोबर ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढून हाताच्या पुढच्या भागातल्या स्नायूंचा रक्तपुरवठा कमी होऊ लागतो. तो काही तास तसाच राहिला तर स्नायू मरतात, आखडतात आणि बोटे कायमची वाकडी होतात. रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि तिला आजही त्याचेच नाव आहे. मोठा माणूस ‘हाताला मुंग्या येतात, बोटे बधिर झाली’ असे सांगू शकतो, पण सहा वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही. तो नुसता अस्वस्थ होतो, कशानेही समजावला जात नाही आणि आधीच्या मात्रेने थांबणारे दुखणे आता थांबत नाही. लहान मुलांत धोक्याची हीच पहिली खूण असते. बोटे थंड किंवा निळसर पडणे, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी न होणे, बोट हलकेच सरळ केले तरी मुलाने किंचाळणे, ही लक्षणे बहुधा त्यानंतर दिसतात. तुम्ही पहिल्या खुणेवरच उठून गेलात. पट्टी सैल करताच तो झोपला, यातच त्या रात्री जाणे किती योग्य होते ते दिसते. घरच्यांना हे उत्तर वाचायला दिलेत तरी माझी हरकत नाही.

आता त्या फोनविषयी. दीड मीटर उंचीवरून खाली यायला अर्ध्या सेकंदाहून थोडाच अधिक वेळ लागतो. तुम्ही शिडीखाली उभ्या असतात, तरी हात पुढे करेपर्यंत तो जमिनीवर आलाच असता. दंडाच्या हाडाचा हा भाग मुळातच पातळ असतो, कारण त्याच्या पुढे आणि मागे कोपर मिटण्या-उघडण्यासाठी खळगे असतात. पाच ते सात या वयात मुलांचे सांधे लवचीक असतात, त्यामुळे पडताना टेकलेला हात कोपरात मागे वळतो आणि सगळा भार या पातळ जागेवर येतो. लहान मुलांच्या कोपराजवळ होणाऱ्या अस्थिभंगांमध्ये हाच प्रकार सर्वाधिक आढळतो, आणि तोही डाव्या हातात अधिक. अपराधीपणाची भावना एका पत्राने जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिला काही काम द्यायचे असेल, तर त्या शिडीखाली काय आहे ते पाहा. आपल्याकडच्या अनेक सोसायट्यांत झोपाळ्यांखाली आणि घसरगुंड्यांखालीसुद्धा पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, कारण ते झाडायला सोपे जातात. तिथे पुरेशा जाडीचा वाळूचा किंवा रबराचा थर असावा, हा विषय सोसायटीच्या सभेत तुमच्याइतक्या अधिकाराने दुसरे कोणी मांडू शकणार नाही. मुलासमोर मात्र ‘चूक कोणाची’ ही चर्चा नको. ती ऐकून मुले स्वतःलाच दोषी ठरवतात आणि पुढच्या वेळी पडल्याचे लपवतात.

रात्री दचकणे, आईला चिकटून राहणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा दिसणे, हे अशा प्रसंगानंतर काही आठवडे चालते. रागावू नका आणि त्याचे कौतुकमिश्रित किस्सेही पाहुण्यांना सांगू नका. त्याला पडण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटली तर सांगू द्या, बाहुलीच्या हाताला पट्टी बांधू द्या. महिना-सव्वा महिना उलटूनही झोप बसली नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

पेन्सिलीचे काय करायचे? आत काही तुटून राहिले असल्याची शंका असेल, किंवा प्लास्टरमधून दुर्गंधी किंवा ओल जाणवत असेल, तर तारा काढायच्या दिवसाची वाट न पाहता दाखवा. ओरखड्यातून जंतुसंसर्ग झाला, तर तो तारांच्या वाटेने आत जाऊ शकतो. (माझ्या हातून उघडलेल्या प्लास्टरांमधून आजवर खोडरबर, शेंगदाणे आणि एक रुपयाचे नाणे निघाले आहे. आई-वडिलांना त्यांपैकी कशाचाही पत्ता नव्हता.) खाजेसाठी केस वाळवण्याच्या यंत्राची थंड हवा प्लास्टरच्या तोंडाशी धरावी किंवा प्लास्टरवर बाहेरून हलके टिचकावे. आत पावडर किंवा तेल सोडू नये आणि विणायची सुई तर कधीच घालू नये.

तारा काढताना भूल बहुधा लागत नाही. त्यांची टोके त्वचेबाहेर ठेवलेली असतात आणि एकेक तार ओढायला काही क्षण पुरतात. ‘काही दुखणार नाही’ असे त्याला सांगू नका, कारण थोडे तरी दुखते आणि मग पुढच्या कोणत्याही डॉक्टरवर त्याचा विश्वास बसत नाही. ‘ओढल्यासारखे वाटेल, आपण पाचपर्यंत मोजू’ इतके खरे सांगणे पुरेसे आहे. डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक द्या. प्लास्टर यंत्राने कापायचे असेल, तर मुले सर्वांत जास्त घाबरतात ती त्याच्या आवाजाला. त्याचे पाते गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, त्यामुळे कडक प्लास्टर कापले जाते आणि मऊ त्वचा सहसा वाचते. यंत्र आधी दुरून दाखवायला सांगा.

आता सासूबाईंचे म्हणणे. हाडवैद्याकडे जाऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. मात्र परंपरेला नावे ठेवून सांगत नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडाला झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधण्याची रीत दिली आहे. तिथेच असा इशाराही दिला आहे, की बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट झाला तर सूज, वेदना आणि पाक (पू धरणे) होतो, म्हणून तो मध्यम असावा. तुम्ही त्या रात्री जे अनुभवलेत तेच हे. लहान वयात भग्न हाड महिन्याभरात स्थिर होते, मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असेही तिथे म्हटले आहे. सासूबाईंना इतकेच सांगा, की हाड बसलेले आहे, एक्स-रेमध्ये ते दिसते आहे, आणि तीन आठवड्यांचे कोवळे हाड बाहेरून दाबले तर ते पुन्हा सरकू शकते. एक्स-रे त्यांच्या हातात द्या. ‘डॉक्टर नको म्हणतात’ एवढ्यावर त्यांचे समाधान होणार नाही, पण दिसलेल्या तारांवर त्यांचा विश्वास बसेल.

एक काम तेवढे रोज करा. ‘मस्त’ म्हणताना अंगठा आणि तर्जनी जोडून आपण जी गोल खूण करतो, ती त्याच्याकडून खेळ म्हणून करून घ्या, मग बोटे फाकवायला सांगा, मग अंगठा वर करायला. एखादी खूण जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा. अशा इजेत दबलेला मज्जातंतू बहुधा काही महिन्यांत आपोआप सुधारतो, तरी त्याची नोंद झालेली असावी.

प्रश्न : वारज्यात राहतो. आठ वर्षांच्या मुलीची मनगटाजवळची दोन्ही हाडे सायकलवरून पडून मोडली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता प्लास्टर केले. एक्स-रेमध्ये हाड थोडे कललेले स्पष्ट दिसते, पण ‘वाढीबरोबर सरळ होईल’ असे ते म्हणतात. मी एक्स-रेचा फोटो नात्यातल्या एका डॉक्टरांना पाठवला, तर त्यांनी तार घालायला हवी होती असे कळवले. त्यातच परवा शाळेतून येताना पावसात प्लास्टर भिजले. दर आठवड्याला एक्स-रे काढणे मुलीला घातक नाही का? — एक वडील

उत्तर : आधी भिजलेल्या प्लास्टरचे बघा, ते काम थांबू शकत नाही. पांढरे प्लास्टर भिजले की मऊ पडते आणि हाडाला धरून ठेवत नाही. फायबरचे असेल तर वरचे कवच टिकते, पण आतला कापूस ओला राहून त्वचा सोलवटते. आजच दाखवा. पुढच्या खेपेला रेनकोटच्या बाहीवर विसंबू नका, जाड प्लास्टिकची पिशवी दंडापर्यंत चढवून वरून चिकटपट्टी लावा.

हाड सरळ होईल, हे म्हणणे टाळाटाळीचे नाही. मुलांचे हाड वाढते ते टोकांजवळच्या कूर्चेच्या (अजून हाड न झालेल्या मऊ भागाच्या) पट्ट्यांपासून, आणि मनगटाकडची पट्टी त्या हाडाच्या एकूण लांबीपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाढ करते. मोड या पट्टीच्या जितका जवळ आणि मूल जितके लहान, तितका वाकडेपणा पुढच्या वर्षा-दोन वर्षांत भरून निघतो. मागे-पुढे असलेला कल चांगला सुधारतो, पिळलेले हाड मात्र सुधारत नाही. वरच्या पत्रातल्या मुलाला तारा घालाव्या लागल्या त्याचेही कारण हेच आहे. कोपराकडची पट्टी दंडाची जेमतेम पाचवा हिस्सा वाढ करते, म्हणून तिथे वाकडे जुळले तर ते बहुतांशी वाकडेच राहते. तुमच्या मुलीचा कल किती अंशांचा आहे, हे फोनवर आलेल्या तिरक्या फोटोवरून कोणीही खात्रीने सांगू नये, नात्यातल्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. दुसरे मत घ्यायचे तर खुशाल घ्या, तो तुमचा हक्क आहे, पण दोन्ही बाजूंचे मूळ एक्स-रे आणि मुलगी, दोघांनाही बरोबर न्या. पहिल्या दोन आठवड्यांत हाड प्लास्टरच्या आतही सरकू शकते. तेव्हा ते कळले तर पुन्हा बसवता येते, सहाव्या आठवड्यात कळून फारसा उपयोग नसतो. दर आठवड्याचा एक्स-रे त्यासाठी आहे. मनगटाच्या एका एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सार आपल्याला एका दिवसात निसर्गातूनच मिळणाऱ्या किरणोत्सारापेक्षाही कमी असतो.

प्लास्टर निघाल्यावर सायकल आणि मैदानी खेळ किती दिवस बंद ठेवायचे, ते विचारून घ्या. मनगटाच्या वरची हाडे त्याच जागी पुन्हा मोडण्याची शक्यता पहिल्या काही आठवड्यांत खरोखर असते.

प्रश्न : मुलाचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तो दुसरीत आहे. शाळेत पाठवावे का? — एक पालक, बिबवेवाडी

उत्तर : दुखणे कमी झाले की पाठवा, बहुधा पहिल्या आठवड्यानंतर जमते. लिहिण्याची सक्ती नको, तोंडी उत्तरे घ्यावीत अशी चिठ्ठी वर्गशिक्षकांना द्या. मैदानाच्या तासाला त्याला धावसंख्या मोजण्याचे काम मिळाले तर तो एकटा पडत नाही. दुचाकीवर पुढे उभे करून मात्र नेऊ नका. एका हाताने त्याला धरता येत नाही आणि ब्रेक लागला की प्लास्टरसह हात हँडलवर आदळतो.

प्रश्न : सदाशिव पेठेतून लिहिते आहे. नातवाचे कोपराचे प्लास्टर आठ दिवसांपूर्वी निघाले. हात काडीसारखा झाला आहे, त्यावर केस वाढले आहेत, आणि कोपर धड सरळ होत नाही की वाकत नाही. मी नारायण तेल आणून ठेवले आहे, पण सूनबाई बाटलीला हात लावू देत नाही, डॉक्टर नको म्हणाले म्हणते. शेजारच्या एका बाईंनी पाण्याची बादली उचलायला द्या, म्हणजे कोपर सरळ होईल, असे सांगितले. मी त्याला दही, चिंच, लिंबू बंद केले आहे आणि पायाचे सूप सुरू करावे म्हणते. माझे कुठे चुकते आहे का? — एक आजी

उत्तर : आजी, केसांची आणि बारीक झालेल्या हाताची काळजी सोडा. प्लास्टरखाली केस वाढतात आणि काही महिन्यांत ते आपोआप कमी होतात. हात वापरात आला की स्नायूही भरतात. कोपर आखडणे ठरलेलेच आहे. मुलांमध्ये ते आठवड्या-आठवड्याने सुटत जाते, शेवटचे थोडे अंश सुटायला कधी कधी वर्षही लागते.

मालिशीच्या बाबतीत सूनबाईंचे बरोबर आहे. कोपर हा भारी रुसणारा सांधा आहे. दुखापत झालेल्या कोपराला रगडले, ओढले किंवा जोराने वाकवले, तर आतल्या स्नायूत रक्त साकळून तिथे चक्क नवे हाड तयार होऊ लागते आणि सुटत आलेला सांधा पुन्हा अडकतो. प्लास्टरमध्ये नीट जुळलेले हात नंतरच्या प्रेमाच्या मालिशीने अडकलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी मालिश करणारी व्यक्ती घरातली सर्वांत जीव लावणारी होती. बादलीचेही तेच. वजनाने कोपर ओढले गेले की मूल दुखण्यापोटी स्नायू घट्ट करते आणि सांधा उलट आणखी आवळतो.

तेलाची बाटली मात्र टाकून द्यायला नको. कातडी कोरडी पडून पापुद्रे निघत असतील, तर कोमट पाण्याने हात धुऊन तळव्याने नुसते तेल लावा, जसे आपण जावळाला लावतो. जखमेच्या जागा पूर्ण भरलेल्या असाव्यात आणि बोटांचा जोर शून्य असावा. ही तडजोड सूनबाईंनाही मान्य होईल.

आंबट बंद करण्याचे कारण नाही, सुरूच करा. हाडाचा पाया ज्या प्रथिनाचा बनतो ते तयार व्हायला क जीवनसत्त्व लागते, आणि ते लिंबात आणि आवळ्यात असते. दह्यात तर कॅल्शियमच आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला ६५०. दोन कप दूध आणि पन्नास ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी यांतून ते जवळजवळ सगळे मिळते. तिळाचा लाडू दिलात तर अधिकच चांगले. पायाचे सूप आवडत असेल तर चवीसाठी द्या, हाडातले कॅल्शियम पाण्यात फारसे उतरत नाही. सकाळच्या उन्हात मात्र त्याला खेळायला बाहेर काढा.

आणि व्यायाम? तो तुमच्याकडेच सोपवते, कारण या वयात वेगळ्या फिजिओथेरपीची गरज सहसा पडत नाही. हालचाल मात्र त्याने स्वतःच्या जोराने करायची, आपण धरून वाकवायचे नाही. कणकेचा गोळा मळायला द्या, ओला रुमाल पिळायला द्या, दुखऱ्या हाताने घास तोंडापर्यंत नेऊ द्या, शर्टाची वरची गुंडी लावू द्या. आंघोळीला कोमट पाण्याने सांधा सैलावतो, तेव्हा तांब्याने अंगावर पाणी त्याचे त्यालाच घेऊ द्या. सुरुवातीला ते पोटावरच पडेल, मग खांद्यावर, आणि ज्या दिवशी तो डोक्यावरून पाणी घेईल त्या दिवशी सूनबाईंना हाक मारून दाखवा. आठ आठवड्यांनंतरही काहीच फरक पडला नाही, किंवा सुटत आलेली हालचाल उलट कमी होऊ लागली, तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या.